अध्ययन वक्र, विमान-उत्पादनातील
एकाच नमुन्याच्या वस्तूंचे उत्पादन जसजसे वाढत जाते, तसतसा दर नगामागे लागणारा श्रम व परिव्यय कमी होत जातो. एकूण उत्पादित नगसंख्या आणि दर नगाचा परिव्यय यांमधील हा संबंध दर्शविणाऱ्या आलेखास ‘अध्ययन वक्र’ म्हणतात. ‘प्रगती वक्र’ किंवा ‘अनुभव वक्र’ या संज्ञाही थोड्याफार फरकाने याच अर्थी वापरल्या जातात. या वक्राचा उगम विमान-अभियांत्रिकीत झाला व पुढे तो अर्थशास्त्राच्या सिद्धांतात महत्त्वाचा ठरला.

अमेरिकन विमान-अभियंते थीओडोर पॉल राइट (१८९५–१९७०) यांनी विमानाची संख्या व परिव्यय यांच्या संबंधाचा अभ्यास १९२२ पासून केला आणि आपले निष्कर्ष १९३६ मध्ये एका शोधनिबंधाद्वारे मांडले. एकूण उत्पादन दुप्पट झाले की, प्रत्येक वेळी दर विमानामागील सरासरी श्रम मूळच्या ८० टक्क्यांवर येतो, असे त्यांना आढळले. यावरून ‘८० टक्के वक्र’ ही संज्ञा रूढ झाली.

गणिती स्वरूप : पहिल्या विमानास १,००,००० श्रमतास लागले असे मानल्यास, ८० टक्के वक्रानुसार पहिल्या दोन विमानांची सरासरी ८०,०००, चारांची ६४,००० व आठांची ५१,२०० श्रमतास येते. न विमानांची सरासरी काढण्यासाठी पहिल्या विमानाच्या श्रमतासांना न या संख्येच्या उणे ०·३२२ या घाताने गुणतात. साध्या आलेखपत्रावर हा वक्र आरंभी वेगाने व नंतर मंदपणे उतरतो. दोन्ही अक्षांवर लघुगणकीय मापप्रमाण घेतल्यास मात्र तो सरळ रेषा होतो, त्यामुळे थोड्या माहितीवरून ती रेषा पुढे वाढवून भावी परिव्ययाचा अंदाज करता येतो. राइट यांनी संचयी सरासरी विचारात घेतली होती. प्रत्येक स्वतंत्र नगाच्या श्रमास हेच सूत्र लावण्याची पर्यायी पद्धतीही प्रचलित आहे. दोन्ही पद्धतींची उत्तरे भिन्न येत असल्याने, कोणती पद्धत वापरली हे सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थ राहत नाही.

कारणे : विमानाचा सांगाडा जोडण्यात रिव्हेट ठोकणे, तारा व नळ्या बसविणे इ. हातकामाचा वाटा मोठा असतो. सरावाने कामगारांचा हात बसतो, परंतु तेवढ्याने परिव्यय घटत नाही. जोडणीसाठीची धारक साधने सुधारतात, आराखड्यातील चुका दूर होतात, सुटे भाग वेळेवर पोहोचू लागतात आणि देखरेख सुरळीत होते. म्हणजे येथे शिकते ती सर्व संघटना. यंत्रे आपल्या ठराविक गतीने जे काम करतात, त्यात अशा सुधारणेला वाव कमी असल्याने तेथील वक्र कमी उताराचा असतो. कच्च्या मालाचा परिव्ययही श्रमाच्या मानाने सावकाश घटतो.

आर्थिक सिद्धांत : केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ‘कृतीतून अध्ययन’ ही कल्पना आर्थिक वृद्धीच्या सिद्धांतात आणली. त्यांच्या आधारभूत उदाहरणांत विमान-सांगाड्यांचे उत्पादन होते. तसेच नवी भांडवल-गुंतवणूक न होताही ज्याची उत्पादकता सु. पंधरा वर्षे वर्षाकाठी सुमारे दोन टक्क्यांनी वाढत गेली, असा स्वीडनमधील हॉर्नडाल येथील लोह-कारखानाही होता. एका उत्पादकाच्या अनुभवाचा लाभ इतरांनाही मिळतो, परंतु त्याचे मोल त्याला मिळत नाही. म्हणून केवळ स्पर्धेवर सोडल्यास समाजहिताच्या दृष्टीने गुंतवणूक अपुरी पडते, असा निष्कर्ष ॲरो यांनी काढला.

विश्वसनीयता : वक्राच्या टक्केवारीतील लहान चूक मोठी हानी करू शकते. वरील उदाहरणात १०० विमानांची सरासरी ८० टक्के वक्रानुसार सु. २२,७०० श्रमतास येते, तर ८५ टक्के वक्रानुसार सु. ३४,०००. पाच टक्क्यांच्या फरकाने एकूण श्रम सु. दीडपट होतो. आर्मेन ॲल्चियन यांनी दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकन विमान-उत्पादनाची आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. गतानुभवावरून काढलेल्या वक्रांनी केलेल्या अंदाजात सरासरी सु. २५ टक्के चूक राहते, असे त्यात दिसून आले. हॅरल्ड ॲशर यांनी १९५६ मध्ये असे दाखविले की, लघुगणकीय आलेखावरील रेषाही सर्वत्र सरळ राहत नाही, मोठ्या नगसंख्येस तिचा उतार कमी होत जातो.

लॉकहीड कंपनीच्या ‘ट्रायस्टार’ या प्रवासी विमानाच्या बाबतीत हा प्रश्न सार्वजनिक पैशाशी निगडित झाला. १९७१ मध्ये कंपनीच्या २५ कोटी डॉलरच्या कर्जास अमेरिकन शासनाची हमी देण्याचा प्रस्ताव सीनेटमध्ये अवघ्या एका मताने संमत झाला. सुमारे २०० विमाने विकली गेल्यास खर्च भरून निघेल, असे कंपनीचे म्हणणे होते. उवे राइनहार्ट यांनी १९७३ मध्ये अध्ययन वक्राचा उपयोग करून हे गणित पुन्हा मांडले. विकासाचा खर्च व गुंतलेल्या भांडवलाचा मोबदला धरल्यास ना-नफा-ना-तोटा बिंदू बराच पुढे जातो, असे त्यांनी दाखविले. प्रत्यक्षात एकूण २५० विमाने तयार झाली. तरीही प्रकल्प तोट्यातच राहिला आणि कंपनी प्रवासी विमानांच्या व्यवसायातून बाहेर पडली.

याच विमानाच्या उत्पादनाची आकडेवारी तपासून लॅनियर बेनकार्ड यांनी २००० मध्ये अध्ययनाबरोबर ‘विस्मरणा’चाही विचार मांडला. मागणी घटून उत्पादन मंदावले, कामगार कमी झाले वा दुसऱ्या कामावर गेले की, मिळविलेला अनुभव झिजतो. नंतर उत्पादन वाढविताना परिव्यय पूर्वीपेक्षा चढा राहतो. विमानाचा नवा प्रकार काढल्यास जुन्या प्रकारावरील अनुभवही त्याला पूर्णतः उपयोगी पडत नाही.

यावरून या वक्राच्या मर्यादा स्पष्ट होतात. केवळ नगसंख्या वाढल्याने परिव्यय आपोआप घटत नाही. नवी यंत्रसामग्री किंवा बदललेले आराखडे यांचा परिणाम समाश्रयण-विश्लेषणात वेगळा न केल्यास तोही अध्ययनाच्या खाती जमा होतो. तथापि सरकारी खरेदीच्या किंमती ठरविणे, कामगारांची गरज आजमावणे व प्रकल्पांची व्यवहार्यता तपासणे यांसाठी हा वक्र आजही वापरला जातो. त्याच्यावरून काढलेला आकडा अचूक भाकीत न मानता चुकीच्या मर्यादांसह मांडलेला अंदाज मानणे, ही त्याच्या योग्य वापराची पहिली अट होय.