पाटोद्याची पिठाची गिरणी

स्वच्छतेसाठी आपण वर्गणी काढतो, आठ दिवस झाडतो. नवव्या दिवशी नाली पुन्हा तुंबलेली! वाळूज औद्योगिक वसाहतीजवळच्या पाटोदा गावात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना ग्रामपंचायतीने निराळा मार्ग धरला. जो कर वेळेवर भरेल, त्याचे दळण वर्षभर मोफत. (भाषणापेक्षा हे लवकर पटते.) कर वेळेवर येऊ लागला, की सफाईचा व देखरेखीचा खर्च गावाला स्वतः पेलता येतो. बँकेच्या भाषेत वर्गणी ही एकदाची ठेव, कर ही आवर्ती ठेव. आणि सफाईवाल्याचा पगार तर दरमहा द्यावा लागतो. शहरात कर महापालिकेकडे जातो, त्यामुळे गिरणीची युक्ती आपल्याला जमणार नाही. परंतु गल्लीतला दिवा व नाली यांसाठी दरमहा ठरावीक रक्कम घेऊन तिचा हिशेब विहाराच्या फलकावर लावता येईल.