अर्धा मार्क कुठं गेला?

‘यंदा केमिस्ट्री लई कडक तपासणारेत म्हणे.’

हे वाक्य दर फेब्रुवारीत कुठून येतं, कुणास ठाऊक. घोडेगावच्या स्टँडवर ऐकू येतं, सोनईकडं जाणाऱ्या गाडीत ऐकू येतं, नगरला क्लासला जाणाऱ्या पोरापोरींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोज येतं. कुणाच्या तरी मामाच्या ओळखीचे सर पेपर तपासायला असतात आणि त्यांनी म्हणे ‘आतली बातमी’ दिलेली असते. मग ज्याचा अभ्यास झालाय तो घाबरतो. ज्याचा झाला नाही त्याला मे महिन्यासाठी आयतं कारण मिळतं.

आता जरा आकड्यांकडं बघा. २०२५ च्या बारावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला आणि एकट्या सायन्सचा ९७.३५ टक्के. शंभरातली सत्याण्णव पोरं पास होतात, तिथं तपासणारा हातात छडी घेऊन बसलाय असं म्हणता येत नाही. पण पास होणं वेगळं आणि लेखीत ७० पैकी ६५ मिळवणं वेगळं. ‘पेपर तर मस्त गेला होता’ म्हणणाऱ्याला ५४ पडतात, तेव्हा मधले दहा-अकरा मार्क गेले कुठं, हा प्रश्न खराच आहे. आणि त्याचं उत्तर तपासणाऱ्याच्या मूडमध्ये सापडत नाही.

आधी पेपर तपासतात कसा, ते बघू. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. ती घोडेगावची आहे की गोरेगावची, हे परीक्षकाला कळत नाही. कुठल्या उत्तराला किती मार्क, त्यातल्या कुठल्या पायरीला किती, हे मुख्य नियामकांच्या बैठकीत ठरतं आणि नमुना उत्तरं परीक्षकांपर्यंत जातात. परीक्षकानं तपासलेल्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा बघतो. म्हणजे एखाद्या सरांनी मनात आणलं की या गठ्ठ्याला रडवायचंच, तरी ते तितकं सोपं नाही. कडकपणा असतो तो त्या नमुना उत्तरात, आणि तो बराचसा केमिस्ट्रीचाच असतो.

आपण रोझेनमुंड रिडक्शन घेऊ. अॅसिड क्लोराइडपासून अल्डिहाइड करायचं. बाणावर हायड्रोजन लिहिला, पॅलेडियम लिहिलं, बेरियम सल्फेट राहिलं. पोरगं म्हणणार, ‘एवढ्यासाठी मार्क कापला?’ पण ते बेरियम सल्फेट शोभेला नसतं ना. ते पॅलेडियमचा जोर मुद्दाम कमी करतं, म्हणून गाडी अल्डिहाइडपाशी थांबते. ते नसेल तर ती पुढं अल्कोहोलपर्यंत जाते. म्हणजे तुम्ही लिहिलेली रिअॅक्शन अर्धी राहिली असं नाही, ती दुसरीच झाली. वुर्ट्झ रिअॅक्शनमधल्या ‘ड्राय ईथर’चंही तसंच. ‘ड्राय’ हा शब्द गाळला तर सोडियम आणि पाणी समोरासमोर आले. पुढं काय होतं, ते प्रॅक्टिकलच्या सरांना विचारा.

व्याख्यांमध्ये तर मार्क गळतात ते कळतही नाही. स्टँडर्ड एन्थाल्पी ऑफ फॉर्मेशन लिहिताना ‘एक मोल’ राहतं, किंवा मूलद्रव्यं त्यांच्या स्टँडर्ड स्टेटमध्ये असतात हे राहतं. वाक्य छान दिसतं, अर्थ सुटलेला असतो. गणितात सूत्र, किमती घालणं आणि युनिटसकट उत्तर अशा पायऱ्या असतात. फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शनचा रेट कॉन्स्टंट ०.००२ प्रति सेकंद दिला असेल, तर हाफ लाइफ ०.६९३ भागिले ०.००२, म्हणजे ३४६.५ सेकंद. नुसतं ‘३४६.५’ लिहून पुढच्या प्रश्नावर उडी मारणारे वर्गात निम्मे तरी असतील. सेकंद की मिनिटं, हे परीक्षकानं ओळखायचं का?

आणि सगळ्यात वाईट जातात ते पहिल्या दहा मार्कांतले. बहुपर्यायी प्रश्नांची सूचना पेपरवर स्पष्ट छापलेली असते. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाही, आणि पहिलाच प्रयत्न धरणार. ‘सी’ खोडून ‘बी’ केलं तर गेलं. माझ्या मते याला कडक म्हणायला हरकत नाही. ज्याला उत्तर येतं त्याचा मार्क लिहिण्याच्या पद्धतीवरून काढून घेणं मला पटत नाही. पण नियम लपवलेला नाही, पेपरवर पहिल्याच पानावर आहे. घाईत ते पान उलटलं जातं, एवढंच.

इंग्रजीचं एक अक्षर

घोडेगावसारख्या ठिकाणच्या पोरांची एक अडचण शहरातल्या ‘टिप्स’मध्ये कधी येत नाही. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून, फार तर सेमीतून. अकरावीला सायन्स घेतलं की केमिस्ट्री एकदम इंग्रजीत. पेपरही इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीत. भूगोलात स्पेलिंग चुकलं तर तपासणारा समजून घेतो. इथं इथेन, इथीन आणि इथाइन या तिघांत इंग्रजीत मधल्या एका अक्षराचा फरक आहे आणि तिन्ही वेगवेगळे वायू आहेत. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांचंही तेच. पोराला माहीत असतं काय म्हणायचंय, कागदावर दुसराच पदार्थ उतरतो. परीक्षकानं मनातलं वाचायचं म्हटलं तरी वाचता येत नाही.

याला क्लासची फी नाही, वही लागते. सोळा धड्यांतल्या अशा जुळ्या नावांची यादी मराठीत अर्थ लिहून केली, तर चार-पाच पानांत बसेल. लॉग टेबलचंही जमवून ठेवा. कॅल्क्युलेटर चालत नाही, टेबल चालतं, आणि वर्षभर मोबाइलवर आकडेमोड करणाऱ्याचं बोट परीक्षेत नेमकं चुकीच्या ओळीवर पडतं.

आपलं वक्कल, आपल्यासमोर

घोडेगावात ज्याच्या घरी कांदा आहे त्याला प्रतवारी शिकवावी लागत नाही. मोठा कांदा, मध्यम, गोल्टी, जोड. लिलावात व्यापारी आपल्या वक्कलापुढं उभा राहतो, माल हातात घेतो, भाव पुकारतो. राग येतो, पण आपण तिथं उभे असतो आणि शेजारच्या मालाला काय मिळालं तेही दिसतं. उत्तरपत्रिकेचं तसं नाही. माल गेला, भाव आला, मधलं काहीच दिसलं नाही. ‘कडक तपासतात’ ही अफवा त्या न दिसणाऱ्या जागेतच उगवते.

ती जागा बघायचा हक्क मात्र आहे. २०११ मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात मोडणारी माहिती आहे, असा निकाल दिला. आपल्या राज्य मंडळाची सोयही आहे. गेल्या काही वर्षांचे दर बघितले तर गुणपडताळणीला विषयाला ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३००. पडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. म्हणजे एका विषयाचे ७०० रुपये झाले. कांदा दहा रुपयांनी गेला तर सत्तर किलो. ज्या घरात निकालानंतर कॉलेजच्या फीची जुळवाजुळव चालू असते, तिथं ‘जाऊ दे, पास झालास ना’ म्हणून विषय संपतो. छायाप्रत स्वस्त केली तर अफवा निम्म्यानं कमी होतील, असं मला वाटतं. सीबीएसई आपली गुणदान योजना संकेतस्थळावर टाकतं. तशी राज्य मंडळाची नमुना उत्तरं निकालाच्या दिवशीच पोरांच्या मोबाइलवर सहज उघडली पाहिजेत.

घाईचा धोकाही आहेच. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी मागण्यांसाठी पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला होता. तो मागे घेतला गेला, निकाल मे महिन्यातच लागले. शिक्षकांच्या मागण्या रास्त की नाही, हा वेगळा विषय. पण साचलेले गठ्ठे उरकताना एखादं पान न तपासता उलटलं जाऊ शकतं, बेरजेत एखादा आकडा सुटू शकतो. मला भीती वाटते ती याची. कडक परीक्षकाची नाही.

‘बारावीच्या मार्कांना आता विचारतंय कोण, सीईटी आहे ना,’ असं म्हणणारा प्रत्येक वर्गात एक तरी असतो. इंजिनीअरिंगची यादी सीईटीवर लागते, हे खरं. पण एनआयटीला जायचं तर खुल्या गटात बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. ज्याला बीएस्सी करायचीय त्याच्यासाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांची. ती मंडळातल्या वरच्या एक टक्क्याला मिळते. ती रेषा पाव-अर्ध्या टक्क्यावर हुकते, आणि सहाशेच्या बेरजेत अर्धा टक्का म्हणजे तीन मार्क. एक बेरियम सल्फेट, एक युनिट, एक खोडलेला ‘सी’.

म्हणून निकालाच्या दिवशी केमिस्ट्रीचा आकडा खरंच अनपेक्षित वाटला, तर रडण्याआधी अर्जाच्या तारखा बघा. मंडळ त्या निकालासोबतच जाहीर करतं आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. छायाप्रत आली की एकट्यानं बघू नका, शिकवणाऱ्या सरांसमोर किंवा मॅडमसमोर पान पान उलटा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायला छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाचे पाचच दिवस असतात. त्यामुळं सरांचा नंबर परीक्षा संपायच्या आतच घेऊन ठेवा. मे महिन्यात ते गावाला गेलेले असतात.