व्हीएलसी, पालघर आणि पेपरफुटी: इंटरनेटला कुलूप लागतं कसं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. माझे 'म्हणजे', 'अं' आणि मागच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या आत्यापासून करतो. २०२२ चा उन्हाळा. कोल्हापूरहून तिचा फोन. "अरे, एवढा नवा लॅपटॉप घेतलाय आणि पोरीच्या लग्नाची कॅसेट लागंना झालीय." कॅसेट म्हणजे फोटोग्राफरने दिलेला पेनड्राइव्ह. आमच्या आत्यासाठी लग्न आणि कॅसेट यांची जोडी अजून तुटलेली नाही. मी म्हटलं, सोपं आहे, व्हीएलसी टाक. तो नारिंगी शंकू गं, रस्ता खोदल्यावर ठेवतात तसा. व्हिडिओलॅनच्या साइटवर जा आणि डाउनलोड कर.

पाच मिनिटांनी परत फोन. "साइटच उघडंना."

आता मी बीटेक झालेला माणूस. आमच्या धर्मानुसार मी आधी आत्याचं स्पेलिंग चुकलं असं गृहीत धरलं. मग तिचं वायफाय. मग लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितला. शेवटी माझ्या मोबाइलवर बघितलं तर तिथेही उघडेना. ऑफिसच्या नेटवर्कवर मात्र लगेच उघडली. तेव्हा ट्यूब पेटली. साइट बंद पडलेली नव्हती. तिला बंद पाडलं होतं, तेही जमेल तिथे, जमेल तसं.

व्हीएलसी म्हणजे काय, तर १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला व्हिडिओ प्लेअर. फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत. आपल्या देशाच्या सार्वभौमत्वाला त्याच्यापासून काय धोका होता हे २०२२ मध्ये कुणी सांगितलं नाही. फेब्रुवारीच्या सुमारास साइट भारतात दिसेनाशी झाली. व्हिडिओलॅनला नोटीस नाही, काही नाही. माहिती अधिकारात विचारलं तर मंत्रालयाचं उत्तर आलं की अशी माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही. ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅनने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट परत सुरू झाली.

यातली खरी गंमत अशी की ज्यांच्याकडे व्हीएलसी आधीपासून होता त्यांचा तो मस्त चालत होता. ॲप चालू, साइट बंद. म्हणजे अडवलं कुणाला? तर ज्याला अस्सल जागेवरून अस्सल फाइल घ्यायची आहे, त्याला. आत्याने काय केलं? गुगलवर दिसलेल्या पहिल्या 'फ्री डाउनलोड' दुकानात गेली. तिथून व्हीएलसी आला, आणि त्याच्यासोबत दोन टूलबार आणि एक 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' म्हणणारी खिडकी. पुढच्या सुट्टीत जाऊन सगळं मी साफ केलं. देशाची सुरक्षा वाढली की नाही माहीत नाही, आत्याची नक्की कमी झाली.

तर आता मुद्द्याचं. साइट 'ब्लॉक' करतात म्हणजे नेमकं काय करतात?

समजा तुम्हाला कुणाच्या घरी जायचंय. नाव माहीत आहे, पत्ता नाही. तुम्ही चौकातल्या पानटपरीवर विचारता. टपरीवाला सांगतो, दुसरी गल्ली, तिसरं घर. इंटरनेटवर हे काम डीएनएस करतो. तुम्ही नाव टाकता, तो आकड्यांचा पत्ता देतो. आणि बहुतेकांची टपरी ही त्यांच्या इंटरनेट कंपनीचीच असते. सरकारचा आदेश आला की कंपनी टपरीवाल्याला सांगते: हे नाव कुणी विचारलं तर म्हणायचं, असं कुणी राहत नाही. किंवा भलताच पत्ता द्यायचा, जिथे 'सरकारी आदेशानुसार बंद' अशी पाटी लावलेली असते. ही झाली सगळ्यात स्वस्त पद्धत. दुसऱ्या टपरीवर विचारलं, म्हणजे डीएनएस बदलला, की ती फसते. हे कॉलेजातल्या पोराला तीस सेकंदांत जमतं. आत्याला जमत नाही.

दुसरी पद्धत जास्त हुशार. हल्ली बहुतेक साइटी एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे पत्र बंद पाकिटात जातं. पण पाकिटावर नाव उघडंच लिहिलेलं असतं. त्या नावाला एसएनआय म्हणतात. एकाच पत्त्यावर शंभर साइटी राहत असतात, म्हणून कुणाकडे जायचंय ते दारातच सांगावं लागतं. वाटेत उभा असलेला पोस्टमन ते नाव वाचतो आणि पाकीट फाडून टाकतो. तुम्हाला फक्त 'कनेक्शन रीसेट' दिसतं. पाटी नाही, कारण नाही. तुम्ही राउटरला शिव्या घालत बसता. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या लोकांनी २०१९ मध्ये जिओच्या नेटवर्कवर ही पद्धत दाखवून दिली होती. त्यांच्याच तपासणीत असंही दिसलं की कंपन्या सगळ्या सारख्या साइटी बंद करत नाहीत. एकीकडे बंद, दुसरीकडे चालू. आदेश एक, अर्थ अनेक. कीर्तनात शोभलं असतं.

बरं, हा आदेश येतो कुठून? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. यात कारणांची यादी आहे: देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, मित्रराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यासंबंधीच्या गुन्ह्यांना चिथावणी. २००९ च्या नियमांनुसार एक समिती बसते, ज्याचा मजकूर आहे त्याला किंवा ज्या कंपनीकडे तो आहे तिला म्हणणं मांडायला किमान ४८ तास मिळायला हवेत, कारणं लेखी नोंदवायला हवीत. कागदावर छान आहे. आणि मग येतो नियम १६: या सगळ्याबाबत कडक गोपनीयता पाळायची. म्हणजे कारण लिहायचं, पण दाखवायचं नाही. शाळेत आम्ही प्रगतिपुस्तकाबाबत हेच धोरण राबवायचो.

गोपनीयतेमुळे नुसती चिडचिड होते असं नाही. आदेशच हातात नसेल तर कोर्टात आव्हान कशाला द्यायचं? व्हिडिओलॅनकडे वकील होते, नाव होतं, जगभरातले वापरणारे होते, तरी नऊ महिने गेले. एखाद्या तालुक्याच्या गावातून बातम्यांची छोटी साइट चालवणाऱ्याने काय करायचं?

या कलमाचा धाकटा भाऊ होता कलम ६६अ. तो गेला, आणि त्याच्या जाण्याचा रस्ता आपल्या पालघरमधून जातो. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर सगळं बंद होतं. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशाला. तिच्या मैत्रिणीने त्या पोस्टला लाइक केलं. दोघींना अटक. परत वाचा: दुसरीने फक्त लाइक केलं होतं. एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. मी तेव्हा दहावीत होतो. घरी बाबांनी जेवताना सांगितलं, "ते फेसबुक-बिसबुक दहावी होईपर्यंत बंद." आमच्या घरचा इंटरनेट शटडाउन तेव्हाच सुरू झाला, तोही कुठल्या लेखी आदेशाशिवाय.

६६अ मध्ये काय होतं? 'त्रासदायक' किंवा 'गैरसोय' करणारा संदेश पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून पहाटे साडेपाचला पाठवणारे माझे सगळे मामा या कलमात बसतात. श्रेया सिंघल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पण त्याच निकालात ६९अ टिकलं, कारण त्यात कारणं लिहिणं, समिती, म्हणणं ऐकणं अशी संरक्षणं आहेत असं न्यायालय म्हणालं. व्हीएलसीच्या वेळी ही संरक्षणं बहुतेक जेवायला गेली होती. आणि रद्द झालेल्या ६६अ खाली पोलीस ठाण्यांत पुढेही गुन्हे दाखल होत राहिले. २०२१ मध्ये हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायालयालाच धक्का बसला. आमच्यात रिलीज काढल्यावर जुनं व्हर्जन सर्व्हरवर चालू राहिलं तर पोराला रात्री दोनला उठवतात.

एखादी साइट बंद करणं हे झालं बारीक काम. ठोक भावाचं काम म्हणजे अख्खं इंटरनेट बंद. यासाठी बरीच वर्षं १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा आधार होता. नियम २०१७ चे, आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, पण बटण तेच.

या बटणाचा माझा सगळ्यात आवडता वापर म्हणजे राजस्थानातली रीट परीक्षा. शिक्षक पात्रता परीक्षा, २६ सप्टेंबर २०२१. लाखो उमेदवार. पेपर फुटू नये म्हणून बऱ्याच जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद. आणि पेपर? तो परीक्षेच्या आधीच जयपूरच्या शिक्षा संकुलातून, जिथे तो जपून ठेवला होता, तिथूनच बाहेर पडला होता. पायी म्हणा, गाडीने म्हणा. नंतर सरकारने दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्दच केली. चोर घरातला आणि कुलूप गावाला.

आमच्याकडे कोल्हापुरात जून २०२३ मध्ये स्टेटसवरून वातावरण तापलं तेव्हा मोबाइल इंटरनेट बंद झालं. आईने पुण्याला मला साधा फोन केला, "दूधवाल्याचे पैसे राहिलेत, तो म्हणतो गुगल पे चालत नाही, आणि घरात सुट्टे नाहीत." दूधवाल्याने उधारीवर ठेवलं. ओला-उबरवाले, घरी पार्सल पोहोचवणारी पोरं, त्यांना उधारीवर कोण ठेवणार?

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भटक्या समाजातली, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्यामुळे 'मोबाइलने काय होतंय' असं मी म्हणणार नाही. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. हा उपायही अपुरा म्हणा हवं तर, पण तो पसरण्याच्या वेगाला धरून केलेला आहे. अख्खं नेट बंद केलं की अफवा थांबतेच असं नाही, ती तोंडातोंडी जातेच. 'ही अफवा आहे' हे पोलिसांचं ट्वीट मात्र नक्की पोहोचत नाही.

काश्मीरचं सांगायलाच हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये सगळं बंद. जानेवारी २०२० मध्ये टूजी आलं, पण फक्त सरकारने परवानगी दिलेल्या साइटी, आधी १५३, मग ३०१. वेब डेव्हलपर म्हणून ही यादी बघून मला हसावं की रडावं कळेना. एक साइट म्हणजे एक पत्ता नसतो हो. बँकेचं पान उघडलं की चित्रं एकीकडून येतात, फॉन्ट दुसरीकडून, ओटीपीची स्क्रिप्ट तिसरीकडून. यादीत फक्त बँकेचं नाव असेल तर पान अर्धवट उघडतं आणि ओटीपीचं बटणच येत नाही. लग्नाला नवरदेवाला आत सोडलं, पण भटजी गेटवर. फोरजी परत आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात कोविड आला होता. आम्ही घरून काम करताना 'तुझा आवाज तुटतोय' म्हणून वैतागायचो, आणि तिकडे पोरं टूजीवर ऑनलाइन शाळा करत होती.

यातून एक कामाची गोष्ट निघाली. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि शटडाउनचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. म्हणजे निदान शटडाउनचा कागद तुम्ही मागू शकता.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी साइट उघडली नाही तर आधी दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बघा. मग डीएनएस बदलून बघा. पहिल्यावर बंद आणि दुसऱ्यावर चालू असेल तर वेळ, कंपनी आणि स्क्रीनवरचा मजकूर यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग दूरसंचार विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय या दोघांकडे माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. व्हीएलसीच्या बाबतीत ते उत्तरसुद्धा पुढे उपयोगी पडलं.

आत्याने लग्न बघितलं शेवटी. तिच्या मते फोटोग्राफरने तिला कुठेच नीट घेतलेलं नाही. पुढच्या भागात व्हीपीएनवाल्यांनी तुमचा हिशोब पाच वर्षं जपून ठेवायचा या २०२२ च्या आदेशाबद्दल बोलू. भेटू या, नेट चालू असेल तर.