तापलेले एंजिन पुन्हा का सुरू होत नाही?

जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या शेतीप्रधान भागात पाणी उपसणारे डिझेल एंजिन आणि कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौकेत बसविलेले डिझेल एंजिन यांचे मूलतत्त्व एकच आहे. परिस्थितीत मात्र मोठे अंतर आहे. विहिरीवरचे एंजिन तापलेल्या स्थितीत पुन्हा सुरू झाले नाही, तर शेतकरी ते निवेपर्यंत झाडाखाली थांबू शकतो. जाळे ओढण्यासाठी एंजिन बंद केलेल्या तांडेलाला ही सवड नसते; वारा व प्रवाह नौकेला खडकांकडे नेत असतात. म्हणून हा दोष बंदरातच ओळखणे अगत्याचे आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे एंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगीची योजना नाही. दट्ट्या सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. यावरून तापलेले एंजिन थंड एंजिनापेक्षा सहज सुरू व्हावे, हे उघड आहे. जेथे उलट घडते, तेथे दोष बहुधा इंधनाच्या पुरवठ्यात किंवा एंजिन फिरविणाऱ्या साधनात असतो.

इंधन-पंपातील प्लंजर आणि त्याभोवतालची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकीच असते. झिजेमुळे ती वाढते. उन्हात काकवी पातळ व्हावी, तसे डिझेलही उष्णतेने पातळ होते. ४० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापल्यास त्याची श्यानता सुमारे निम्म्यावर येते. असे पातळ इंधन वाढलेल्या फटीतून मागे गळते. एंजिन वेगात चालत असता गळतीस फारसा अवधी मिळत नाही. सुरू करताना मात्र पंप मंद फिरतो, पुष्कळ इंधन गळते आणि फवारा उघडण्याइतका दाब निर्माणच होत नाही. शिवाय एंजिन थांबताच थंड पाण्याचे अभिसरणही थांबते आणि बंदिस्त खणातील उष्णता पंपात शिरते. बंद केल्यानंतर काही मिनिटांनीच अडचण का येते, याचा उलगडा यावरून होतो.

परीक्षा क्रमाने करावी. प्रथम, एंजिन नेहमीच्या वेगाने फिरते की नाही, हे पाहावे. ते मंद फिरत असल्यास बॅटरी, तारांचे सांधे व स्टार्टर तपासावेत. ते जड फिरत असल्यास अतितापाची शंका घेऊन थंड पाण्याचा मार्ग पाहावा. वेग योग्य असल्यास धुराकडे लक्ष द्यावे. पांढरा धूर येत असेल, तर इंधन सिलिंडरात पोहोचते, परंतु जळत नाही. धूर मुळीच नसेल, तर इंधन पोहोचतच नाही, असे समजावे. अशा वेळी टाकी, गाळणी, नळीत शिरलेली हवा आणि इंधन बंद करणारी विजेची झडप ही क्रमाने पाहावीत. तापल्यावर या झडपेचे वेटोळे कधीकधी निकामी होते.

हे सर्व ठीक असल्यास पंपाभोवती ओले फडके गुंडाळून काही मिनिटे थांबावे. त्यानंतर एंजिन सुरू झाले, तर पंप झिजल्याचा तो सबळ पुरावा होय. पंपावर एकदम गार पाणी मात्र ओतू नये. बाहेरचे कवच आकसून आतील भाग अडकण्याचा धोका असतो. ओल्या फडक्याने नौका बंदरापर्यंत येईल. पण पंपाची दुरुस्ती टळणार नाही.

नौकेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या एंजिनात समुद्राचे पाणी धुराच्या नळीत सोडलेले असते, ते सुरू न होता बराच वेळ फिरवीत राहिल्यास पाणी नळीत साचते. धुराचा जोर नसल्यामुळे ते बाहेर फेकले जात नाही आणि उलट सिलिंडरात शिरू शकते. पाणी दाबले जात नसल्यामुळे दट्ट्याचा दांडा वाकतो. म्हणून वारंवार प्रयत्न करताना समुद्राच्या पाण्याची तोटी बंद ठेवावी आणि एंजिन सुरू होताच तत्काळ उघडावी.

झीज एका दिवसात होत नाही. गरम एंजिन सुरू होण्यास दिवसेंदिवस अधिक वेळ लागू लागला, की तीच पहिली सूचना मानावी. नांगर टाकलेल्या नौकेत ती ओळखणाऱ्या तांडेलावर भर समुद्रात हतबल होण्याची पाळी क्वचितच येईल.