एक कोटी पानांचा हिशेब



वैशाखाच्या उन्हांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत तेंदूचीं पानें तोडण्याचा हंगाम येतो. पहाटे रानांत गेलेलीं माणसें दुपारीं पानांचे भारे घेऊन परततात आणि घरांतील लहानथोर मोजणीस बसतात. सत्तर पानें झालीं कीं तीं बांधून एक पुडा होतो. मजुरी ठरते ती पुड्यांच्या शेकड्यावर. तेव्हां मोजणी ही तेथें केवळ शाळेंतली विद्या नव्हे. ती पोटाची विद्या आहे.

अशा एक कोटी पानांचे पुडे किती होतील? भाग देऊन पाहा : १,४२,८५७ पुडे, आणि बाकी दहा पानें. भागाकार साधाच आहे. परंतु ह्या संख्येच्या अंगीं एक विलक्षण गुण आहे. तिची दुप्पट २,८५,७१४, तिप्पट ४,२८,५७१, चौपट ५,७१,४२८, पांचपट ७,१४,२८५, सहापट ८,५७,१४२. प्रत्येक वेळीं अंक तेच आणि क्रमही तोच. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणें आरंभ तेवढा बदलतो. सातपट केली कीं मात्र रहाट थांबतो आणि ९,९९,९९९ समोर येतात.

ह्यांत चमत्कार नाहीं; कारण आहे. सत्तरांनीं भागणें हें मुळांत सातांनीं भागणेंच होय. एकावर शून्यें देत सातानें भागीत गेलें असतां बाकी क्रमानें ३, २, ६, ४, ५ आणि शेवटीं पुनः १ अशी उरते. शून्य वगळतां सातानें सहाच बाक्या संभवतात, आणि येथें त्या साऱ्या येऊन जातात. पुनः १ आला कीं भागाकारास जुन्याच वाटेनें फिरणें प्राप्त होतें. एकाऐवजीं दोन किंवा तीन घेऊन आरंभ केला, तरी आपण त्याच चक्रांत केवळ निराळ्या ठिकाणीं शिरतों.

१९०५ सालीं जन्मलेले व देवळालीस शिक्षकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांनीं संख्यांचे असे गुण हुडकण्यांत जन्म वेंचला. आपल्या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा. मूळचीच संख्या परत येते. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

आतां पुनः पुड्याकडे वळूं. पुड्यांत सत्तरांऐवजीं एकाहत्तर पानें बांधलीं, तर त्याच एक कोटी पानांचे १,४०,८४५ च पुडे भरतात. म्हणजे २,०१२ पुड्यांची मजुरी बुडाली! तोडणाऱ्याच्या डोळ्यांस हें एक पान दिसत नाहीं. भागाकारास मात्र तें दिसतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलींतील कित्येक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः पाहूं लागल्या आहेत. वही आतां गांवाच्या हातीं आली आहे. तींतील भागाकारही गांवालाच पडताळतां आला पाहिजे.