पाल अन्न का घेईना?

पाल म्हटली की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. ती कोणत्या अंगावर पडली असता काय फळ मिळते, हे पंचांगात छापलेले असते. तिला काय खावयास द्यावे, हे मात्र कोठेच सापडत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्हांस नेमकी त्याचीच गरज पडली.

उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर एक घरपाल अडकली होती. खोबरेल तेलाचे बोट हळूहळू फिरवून आम्ही तिला सोडविले, परंतु धडपडीत तिचे शेपूट तुटले. पालीच्या बोटांखाली केसांहूनही सूक्ष्म तंतूंचे थर असतात व त्यांच्याच बळावर ती भिंतीवर चालते. ते तंतू डिंकाने व तेलाने माखले होते. कात टाकल्यावर ते नवे येतात. तोवर तिला भिंतीवर सोडणे म्हणजे मांजराच्या तोंडी देणे होते. म्हणून माशांच्या रिकाम्या काचपेटीत, वर जाळी लावून, तिला वर्गातच ठेवले.

तीन दिवस तिने कशासही तोंड लावले नाही. मुलांनी भाताची शिते घातली, दूध ठेवले, मेलेल्या माश्या आणल्या. मधल्या सुट्टीत पेटीभोवती वीस-पंचवीस डोकी जमत. चिंता खरी होती, कारण पालीची चरबी शेपटात साठते आणि हिची ती शिदोरी पुठ्ठ्यावरच राहिली होती.

पुढे उमगले की तिच्या उपासास आम्हीच कारण होतो. पाल कीटकभक्षक, शीत वा दूध हे तिचे अन्नच नव्हे. तिची नजर हालचालीवर जाते, त्यामुळे निश्चल माशी तिच्या लेखी नसल्यासारखीच. त्यातून चहूकडून काच आणि काचेपलीकडे डोळे! जेथे लपावयास जागा नाही तेथे भ्यालेला प्राणी शिकार करीत नाही. शिवाय आपल्याप्रमाणे तिचे शरीर स्वतः ऊब निर्माण करीत नाही. चिऱ्याच्या भिंतींच्या ओलसर खोलीत तिला भूक कोठून लागणार? अंग तापल्यावाचून पोटातले अन्न पचत नाही.

मग आम्ही पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकल्या, आत आंब्याच्या सालीचा तुकडा उभा केला आणि एका टोकास बाहेरून लहान दिवा लावला. त्या बाजूस २८ ते ३० अंश सेल्सिअस ऊब राही, दुसरी बाजू थंड. कोठे बसावे हे तिचे तिने ठरवावे. वाटीतील पाणी पालीच्या सहसा ध्यानात येत नाही. ती थेंब चाटते. म्हणून सायंकाळी काचेवर पाणी शिंपडले. अन्नाआधी पाणी, हा क्रम महत्त्वाचा. कोणीही तिला हात लावू नये असा नियम केला, पेटी हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचाही. कारण पालींच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात.

भक्ष्य जिवंत हवे, आणि तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून रुंद नको. लहान पतंग, रातकिड्याची पिले, पावसात दिव्यावर येणारी पंखांची वाळवी हे उत्तम. मोठा रातकिडा रात्रभर आत राहिला तर उलट पालीसच चावतो. काजवे मात्र टाळावेत. अमेरिकेतील काही काजव्यांच्या विषाने पाळलेले सरडे मेले आहेत. तोंड उघडून घास कोंबणे तर नकोच. नाजूक जबडा दुखावतो. डोळे खोल गेले, कमरेची हाडे दिसू लागली, तर पशुवैद्य गाठावा.

पाचव्या दिवशी दिवेलागणीस तीन पतंग आत सोडून आम्ही दार ओढून घेतले. सकाळी एकच उरला होता, आणि तळाशी दोन पंख. त्याच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या टोकाची काळी लेंडी दिसली, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालासही झाला नसता.

कात केव्हा पडली ते कोणी पाहिले नाही. पाली ती बहुधा खाऊनच टाकतात. पण एके सकाळी ती सरळ काचेवर चढून जाळीस उलटी लटकलेली दिसली. त्याच संध्याकाळी व्हरांड्यातील दिव्याखाली पेटी उघडली. शेपटाच्या जागी तेव्हा बोटभरही नसलेला, गुळगुळीत, फिकट कोंब आला होता.