बंद पडलेली पिकअप ओढून नेताना



आपल्या भातकुलीकडची काळी जमीन कशी आहे, हे आपणास सांगावयास नको. चार सरी पडल्या की पांदण रस्त्यावर चाक रुतते. बंडीचे दिवस होते तेव्हा शेजाऱ्याची बैलजोडी पुढे जुंपली की काम भागत असे. बैल चार पावले चालत, आणि बैल थांबले की बंडीही थांबे. आता बंडीच्या जागी पिकअप आली. सोयाबीन, तूर, कापूस अमरावतीला न्यावयाचा, येताना खत-बियाणे आणावयाचे, ही सारी कामे पिकअपवर होतात. ती बंद पडली की घरची दुसरी गाडी, म्हणजे स्कॉर्पिओ किंवा तसल्याच मध्यम आकाराची एखादी एसयूव्ही, पुढे लावावयाची, बाजेचा किंवा विहिरीचा दोर बांधावयाचा आणि निघावयाचे. "काही नाही होत गा, लाव दोर अन् चाल," हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकलेले आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, चारही चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढणे हे काम दिसते तितके साधे नाही. त्यातले ओढणे सोपे आहे, थांबविणे अवघड आहे. हे एकदा नीट समजून घेतले की बाकीची खबरदारी आपोआप ध्यानात राहते.

वजनाचा हिशेब

रिकामी पिकअप साधारण दीड ते पावणेदोन टनांची असते. त्यात तेवढाच माल भरला की एकूण वजन तीन टनांच्या वर जाते. पुढची एसयूव्ही लहानात लहान धरली तर तेराशे किलोच्या आसपास, मोठी धरली तर एकोणीसशेच्या आसपास. म्हणजे मागचे ओझे पुढच्या गाडीपेक्षा जड.

सपाट डांबरी रस्त्यावर तीन टनांची गाडी हळूहळू ओढावयास पन्नास किलोच्या आतबाहेर जोर पुरतो. दोन गडी जोर लावून रिकामी गाडी ढकलतात ते यामुळेच. म्हणून माणसाला वाटते की आपल्या गाडीला काहीच त्रास नाही. परंतु विसात एक असा चढ लागला की तेवढ्यावरून दीडशे किलोचा जादा भार येतो, आणि ओल्या काळ्या मातीत तर कित्येक पट जोर लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एसयूव्हीचे ब्रेक तिचे स्वतःचे वजन आणि आतली माणसे यांच्या हिशेबाने केलेले असतात. मागे तीन टन लावून ब्रेक दाबला आणि मागच्याने दाबला नाही, तर मागची गाडी येऊन आदळते. उतारावर तर ती पुढच्या गाडीला ढकलते आणि आडवी करते.

तेव्हा पहिला नियम हा की, आधी माल उतरवा. पोती दुसऱ्या गाडीत भरा, नाहीतर रस्त्याकडेला माणूस बसवून ठेवा. भरलेली पिकअप घरच्या गाडीने ओढू नये. मागच्या हौद्यात माणसे बसवून तर कधीच नाही.

फसलेली गाडी काढणे वेगळे, नेणे वेगळे

आपल्याकडे या दोन कामांची गल्लत होते. गाडी वावरात किंवा धुऱ्याजवळ फसली असेल तर ती ट्रॅक्टरने काढावी. आजच्या बऱ्याच मध्यम एसयूव्हींचा जोर पुढच्या चाकांवर असतो. मागून ताण आला की पुढची चाके हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. क्लच जळतो तो निराळाच.

काही जण दोर सैल सोडून हिसका देतात. हिसक्याचा हिशेब पाहा. दोन टनांची गाडी माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने, पुढे गेली आणि दोर ताणला जाऊन दहा सेंटिमीटर लांबला, तर दोरावर सरासरी दोन टनांचा आणि क्षणभर त्याच्या दुप्पट ताण येतो. साखळी किंवा तारेचा दोर तर तेवढाही लांबत नाही, त्यामुळे ताण आणखी वाढतो. तुटलेला दोर किंवा निखळलेला हूक अशा वेळी गोफणीतल्या गोट्यासारखा सुटतो. म्हणून ओढताना दोराच्या मधोमध ओले पोते टाकावे, आणि दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर सर्वांनी उभे राहावे. पोरांना जवळ येऊ देऊ नये.

आधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढावा, तुराट्या किंवा फळ्या टाकाव्या, दोर ताठ करावा आणि मग हळू ओढावे.

दोर की दांडा

ट्रॅक्टरमागे ट्रॉली कशी चालते ते आपण रोज पाहतो. तिची दांडी ताठ असते आणि पिनेने जोडलेली असते. पुढचा थांबला की ती मागून धडकत नाही. दोराला मात्र ओढता येते, ढकललेले अडविता येत नाही. दोराने ओढणे आणि दांड्याने ओढणे यांत फरक आहे तो हाच.

अमेरिकेत मोठ्या फिरत्या घरासारख्या मोटारीमागे लहान गाडी चारही चाकांवर ओढत नेण्याची रीत आहे. तिकडे त्यासाठी त्रिकोणी आकाराचा ताठ टो-बार वापरतात. तो बंपरला नव्हे तर गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसविलेल्या पट्टीला जोडतात. दांडा निखळलाच तर गाडी सुटू नये म्हणून दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या लावतात. शिवाय मागच्या गाडीचा ब्रेक पुढच्या ब्रेकबरोबर लागावा म्हणून निराळे साधन बसवितात. एवढा सरंजाम ते करतात, कारण तिकडेही थांबविण्याचीच अडचण आहे.

आपल्याला तेवढे करणे नको. परंतु चांगल्या प्रतीचा टो-बार गावात चार जणांनी मिळून घेतला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. तो नसेल तर रुंद नायलॉनचा पट्टा वापरावा, तो थोडा लांबतो आणि हिसका खातो. पट्टा किंवा दांडा गाडीला दिलेल्या ओढण्याच्या कडीलाच लावावा. बऱ्याच गाड्यांत ही कडी जॅकजवळ ठेवलेली असते. बंपरवरचे झाकण काढून ती पूर्ण आटेपर्यंत बसवावी लागते. बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा ब्रेकच्या नळीजवळ काहीही बांधू नये. पुढची गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. पुस्तिकेत ओढू नये असे लिहिले असेल तर तिथेच विषय संपला.

मागच्या गाडीतला माणूस

आपल्याकडे पुढची गाडी जाणता माणूस चालवितो आणि मागे "नुसता स्टिअरिंग धर" म्हणून पोराला बसवितात. हे नेमके उलटे आहे. अवघड काम मागच्याचे आहे.

इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते. दोन-तीनदा पाय दिला की साठलेली हवेची ओढ संपते आणि ब्रेक दगडासारखा कडक लागतो. तो लागतो खरा, पण सारा जोर पायानेच लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंगला कुलूप बसते आणि पहिल्याच वळणावर गाडी सरळ नालीत जाते. म्हणून किल्ली आत आणि चालू खुणेवर असली पाहिजे. बॅटरी पार उतरलेली असेल तर कुलूप सुटते की नाही हे निघण्यापूर्वी पाहावे.

आता अंतराचा हिशेब. ताशी २० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. दोन गाड्यांतले अंतर पाच मीटरच्या आत ठेवावयाचे असते. पुढचा ब्रेकदिवा पाहून पाय उचलून ब्रेकवर नेईपर्यंत सेकंद जातोच. म्हणजे दिवा लागल्यावर ब्रेक मारू म्हणणारा उशिराच मारतो. तेव्हा मागच्यानेच हलका ब्रेक देत दोर नेहमी ताठ ठेवावा, आणि पुढच्याने थांबण्यापूर्वी बऱ्याच आधी हात दाखवून किंवा ठरलेला हॉर्न देऊन सूचना करावी. पुढच्याने एकाएकी ब्रेक मारू नये. वेग चाळीसवर नेला तर सेकंदाला अकरा मीटर जातात आणि थांबविण्यास चौपट शक्ती खर्ची पडते. म्हणून वीस म्हणजे वीसच.

ज्या गाडीचा ब्रेक किंवा स्टिअरिंगच नादुरुस्त आहे, ती या रीतीने मुळीच नेऊ नये.

गिअरबॉक्सची काळजी

गाडी न्यूट्रलमध्ये टाकली म्हणजे झाले असे समजू नये. पिकअपची मागची चाके फिरली की प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्समधला मागचा दांडा फिरतो. पण इंजिन बंद असल्याने तेलात बुडून तेल उडविणारी खालची चक्रे थांबलेलीच असतात. वरच्या भागाला तेल मिळत नाही. गावातल्या गावात नेले तर चालते, लांब नेले तर बेअरिंग जळते. लांबच न्यावयाचे असेल तर मेकॅनिककडून प्रोपेलर शाफ्ट सोडवून घ्यावा. सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंस रंगाची खूण करावी, म्हणजे तो पूर्वीसारखाच बसतो. शाफ्ट सोडण्याआधी चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत.

चारही चाकांना जोर असलेली गाडी पुस्तिका पाहिल्याशिवाय ओढू नये. ऑटोमॅटिक गिअरची किंवा बॅटरीवर चालणारी मालगाडी तर चाकांवर ओढूच नये. बॅटरीच्या गाडीत चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होऊ लागते. अशी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

कायदा आणि विमा

१९८९ च्या रस्ता नियमावलीत हे सारे लिहिलेले होते. फक्त नादुरुस्त गाडीच ओढावी. मागच्या गाडीत परवानाधारक माणूस असावा, नाहीतर तिची वळणारी चाके क्रेनने उचललेली असावीत. दोन गाड्यांतले मोकळे अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे. दोर इतरांना स्पष्ट दिसावा. मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहावे. वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. २०१७ साली त्या नियमावलीच्या जागी नवे चालन विनियम आले, तरी यामागचा विचार कायम आहे.

विम्याचेही ध्यानात ठेवावे. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत एक नादुरुस्त वाहन ओढण्यास मुभा असते, पण त्याबद्दल भाडे घेतलेले नसावे. आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचे किंवा तिच्यातल्या मालाचे नुकसान झाले तर त्या कलमाखाली भरपाई मिळत नाही. आपली पॉलिसी एकदा काढून वाचावी.

मोठ्या रस्त्यावर नको

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, म्हणूनच वाहने वेगाने येतात. तिथे ताशी वीसने दोन गाड्या रांगेत चालल्या तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंदाज येत नाही. महामार्गावर गाडी बंद पडली तर ती कडेला घ्यावी, माणसे रस्त्यापासून दूर उभी करावीत आणि १०३३ या क्रमांकावर फोन करावा. रात्री, पावसात, आणि चिखलदऱ्याच्या घाटासारख्या उतारावर ओढण्याचा विचारही करू नये.

मग ओढावे केव्हा? गाडी रिकामी आहे, ब्रेक-स्टिअरिंग ठीक आहे, दिवस आहे, रस्ता गावातला आणि सपाट आहे, आणि मागे बसावयास परवाना असलेला जाणता माणूस आहे, एवढे सगळे जुळले तर जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. यांतले एक जरी नसले तरी क्रेनवाल्याला बोलवावे. भातकुलीहून अमरावतीपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर म्हणजे वीसच्या वेगाने पाऊण ते एक तास. तेवढा वेळ दोन माणसांचे लक्ष क्षणभरही ढळू न देता जाणे सोपे नाही. क्रेनचे भाडे जड वाटते खरे, पण ते गिअरबॉक्सच्या खर्चापुढे थोडे आहे, आणि मागच्या गाडीत बसलेल्या माणसापुढे तर काहीच नाही.

प्रत्येक पिकअपमध्ये नायलॉनचा पट्टा, ओढण्याची कडी, दोन लाकडी ठोकळे आणि पांढरी पाटी एवढे सामान आजच ठेवून द्यावे. क्रेनवाल्याचा क्रमांक गाडीच्या आरशाजवळ लिहून ठेवावा, आणि घरातल्या तरुण पोरांना हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.